पाठिराख्यांचें ‘आपण’

मराठींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत आणि इंग्रजींत त्या दोहोंबद्दल मिळून एकच आहे, ही गोष्ट शाळेच्या व्याकरणांत एकदां शिकून सगळेच मोकळे होतात. ‘आम्ही’ म्हटलें म्हणजे ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें म्हणजे तो माजघरांत येतो. इतकीं वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवितांना ह्या भेदाचा उपयोग आम्हीं भाषांतराच्या तासाला विद्यार्थ्यांस चकविण्यापलीकडे केला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. त्याचें खरें वजन आमच्या ध्यानांत आणून दिलें तें एका स्कॉटिश कादंबरीनें आणि कोल्हापुरांतील एका चहाच्या गाड्यानें. आम्ही ज्या अमळनेरांत बसून हें लिहीत आहों तेथें विश्वचषकाच्या रात्री सोडल्या तर फुटबॉलचा विषय फारसा निघत नाहीं. तेव्हां ह्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारल्यास तें रास्तच होईल. अधिकार वाचकाचा आहे, आणि थोडासा पाहुण्याचा.

कादंबरी जुनी आहे. रॉबिन जेन्किन्स (१९१२–२००५) ह्याची ‘द थिसल अँड द ग्रेल’ १९५४ सालीं प्रसिद्ध झाली. जेन्किन्स पेशानें शिक्षक. जन्म लॅनार्कशायरमधला, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखांतला. कादंबरींतलें ड्रमसॅगर्ट हें गांव काल्पनिक असलें तरी त्या मुलखाची राख त्याच्या छपरांवर पडलेली दिसते. थिसल हें काटेरी फूल स्कॉटलंडचें राष्ट्रचिन्ह. गांवच्या फुटबॉल संघाचें नांवही तेंच. ‘ग्रेल’ म्हणजे ख्रिस्ती कथांतलें तें पवित्र पात्र, ज्याच्या शोधांत शूर सरदार रानोमाळ हिंडले. येथें तें पात्र म्हणजे ‘ज्यूनियर’ संघांच्या स्पर्धेचा चषक होय. ‘ज्यूनियर’ म्हटल्यामुळें वाचकांनीं लहान मुलें मात्र डोळ्यांपुढें आणूं नयेत. स्कॉटलंडांत हा वयाचा शब्द नाहीं. मोठ्या लीगच्या बाहेर खेळणाऱ्या, गांवोगांवच्या संघांचा तो दर्जा आहे.

कथानकाबद्दल फार सांगण्यासारखें नाहीं. संघ आधीं हरतो, मग जिंकूं लागतो, आणि चषकाच्या एकेका फेरीनिशीं गांवाचा श्वास वर चढत जातो. इतकें कोणाही शाळकरी मुलास सुचलें असतें. जेन्किन्सचें यश आहे तें बोलण्यांत. कोपऱ्यावर, गुत्त्यांत, मैदानाच्या कडेला माणसें संघाविषयीं बोलतात आणि लेखक त्यांना पोटभर बोलूं देतो. खिशांत कांहीं नाहीं, पुढें कांहीं दिसत नाहीं, अशा माणसांजवळ मत मात्र भरपूर असतें, आणि संघ हा एकच विषय असा कीं ज्यावरचें त्यांचें मत कोणी डावलूं शकत नाहीं. संघाचा अध्यक्ष अँड्रू रदरफोर्ड हा सज्जन, सुस्थितींतला मनुष्य. पण त्याच्या सज्जनपणाचा हिशेब गांव गोलांत करतें. माणसाचें मोल ठरविण्याची ही रीत क्रूर आहे, हें लेखकास दिसतें. आणि ड्रमसॅगर्टपाशीं दुसरी कोणतीच रीत उरलेली नाहीं, हेंही त्यास दिसतें. ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं दिसणें हाच कादंबरीकाराचा गुण.

दोषही तितकाच ढळढळीत आहे. जेन्किन्सला ‘ग्रेल’ ही प्रतिमा सांपडली आणि मग ती त्याला खालीं ठेववेना. धर्म गेला, त्याच्या जागीं फुटबॉल आला, हें त्यानें वाचकास इतक्या वेळां सुचविलें आहे कीं आमच्यासारख्या मास्तरानें समासांत ‘समजलें’ असें लिहावें. ज्यांनीं आषाढींत पंढरपूरची वाट चालणारीं माणसें पाहिलीं आहेत त्यांना तर असें सुचविण्याची गरजच भासूं नये. चालणारा मनुष्य प्रतिमेसाठीं चालत नाहीं. विठ्ठल आपला आहे म्हणून चालतो.

पुस्तक मिटल्यावर पहिला प्रश्न मनांत आला तो असा कीं, मराठींत ही कादंबरी कां नाहीं? विषय नव्हता म्हणावें तर कोल्हापूर आहे. राजर्षि शाहूंनीं (१८७४–१९२२) ज्या नगरींत कुस्तीला राजाश्रय दिला, जेथें १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें, तेथें तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, मारुतीची मूर्ति आणि वस्तादाची नजर. त्याच तालमींनीं पुढें चेंडू उचलला. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार: हीं नांवें वाचतांनाच कळतें कीं हे ‘क्लब’ नव्हेत, ह्या पेठा आहेत. ज्या मंडळानें गणपति बसवावयाचा, शिवजयंतीची मिरवणूक काढावयाची, त्याच मंडळानें संघ उतरवावयाचा. हिवाळ्यांत हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि तितके महिने राजर्षि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ एकमेकींस काय म्हणतात तें ह्या मासिकांत छापतां येण्यासारखें नाहीं. ह्याच मातींतला अनिकेत जाधव २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला.

ना. सी. फडके राजाराम कॉलेजांत प्राध्यापक होते, वि. स. खांडेकरांनीं आयुष्याचा उत्तरार्ध कोल्हापुरांतच काढला. पेठ दोघांच्याही दाराशीं होती. परंतु फडक्यांचा नायक हातांत टेनिसची रॅकेट घेऊन बंगल्याच्या फाटकांतून येतो, आणि खांडेकरांचा नायक ध्येयाच्या चिंतेंत असल्यामुळें सामन्यास जाऊं शकत नाहीं. पुढें शंकर पाटलांनीं त्या भागाची बोली कथेंत आणली, आणि ती इतकी जिवंत आणली कीं त्यांच्या पात्रांस एखाद्या रविवारीं शाहू स्टेडियमवर नेऊन बसवावें असें मनांत येतें. पण त्यांची वाट खेड्याकडे गेली. पेठेंतला, म्हणजे शहर असून गांव असलेला, हा मधला मनुष्य तसाच राहून गेला.

गेल्या फेब्रुवारींत एका परिसंवादानिमित्त कोल्हापुरास जाणें झालें. अमळनेरचाच आमचा एक जुना विद्यार्थी तेथें नोकरीस आहे. त्यानें परिसंवादाचें दुसरें सत्र चुकवून आम्हांस सामन्यास नेलें. (दुसऱ्या सत्रांत ‘साहित्य आणि समाज’ हा विषय होता, त्यामुळें मनास फारशी टोंचणी लागली नाहीं.) विद्यार्थ्याच्या घरमालकाच्या पेठेचा संघ त्या दिवशीं हरला. कोणता संघ तें सांगत नाहीं. सांगितलें तर अर्धें कोल्हापूर आमच्यावर रागवेल आणि उरलेलें अर्धें प्रेम करील, आणि दोन्ही सोसण्याचें आमचें वय राहिलें नाहीं. सामन्यांतलें आम्हांस फारसें कळलें नाहीं. कळूं लागलें तें नंतर, चहाच्या गाड्यापाशीं, जेथें सात-आठ जण हरल्याचा हिशेब मांडून उभे होते.

“पहिल्या अर्ध्यात आपुन त्यास्नी दाबलंच हुतं की,” एक जण म्हणाला.

“दाबून काय करतोस? गोल कुणी मारायचा? तुझा बा?”

साठीच्या घरांतले एक गृहस्थ गप्प होते. विद्यार्थ्यानें ओळख करून दिली, तेव्हां त्यांनीं पेला खालीं ठेवला आणि आमच्याकडे वळले. “पावणं, आमी काय आज हारलो न्हाई. आमी गणपतीतच हारलो, जवा त्या पोरानं दुसरीकडं सही केली.”

एका वाक्यांत त्यांनीं पराभवाची तारीख पांच महिने मागें नेली. वर्तमानपत्राच्या बातमींत त्या सायंकाळचा निकाल असतो. ह्या गृहस्थांच्या वाक्यांत त्या निकालाचा इतिहास होता. पेठेंत वाढलेला, तालमीच्या दारांत चेंडू लाथाडीत मोठा झालेला मुलगा चार पैसे अधिक मिळतात म्हणून दुसऱ्या पेठेचा सदरा घालतो. त्याला नांवें ठेवतां येत नाहींत, घरीं त्याला पैसा लागतो. आणि ठेवल्यावांचून राहवतही नाहीं. हें सर्व त्यांनीं आम्हांस पुढें अर्धा तास समजावून सांगितलें, आणि त्या अर्ध्या तासांत एकदांही आंकडे सांगितले नाहींत. वर्षेंसुद्धां त्यांना ‘त्या पुराच्या साली’, ‘थोरल्याचं लगीन झालं तवा’ अशीं आठवत. कोणत्या सालीं कोणत्या अंगाला चेंडू गेला आणि पंच कोठें पाहत होता, हें मात्र त्यांना असें ठाऊक होतें कीं पंच आज सांपडल्यास त्याचें कांहीं खरें नव्हतें.

ध्यानांत आलें तें हें कीं, आमच्याशीं बोलतांना ते ‘आमी’ म्हणत आणि मान फिरवून मंडळींशीं बोलतांना ‘आपुन’ म्हणत. वाक्य तेंच, दुःख तेंच, सर्वनाम तेवढें बदले. जेन्किन्सच्या ड्रमसॅगर्टांत हा भेद कानांवर पडणें शक्यच नाहीं. तेथें एकच शब्द दोन्हीं कामें करतो, आणि कोण आंत, कोण बाहेर हें लेखकास वर्णनानें सांगावें लागतें. येथें गाड्यावरचा मनुष्य तें एका अक्षरांत करतो. ज्या भाषेला हें साधतें त्या भाषेंत ती कादंबरी नसावी, ह्याचें वाईट वाटलें.

पुढें एक मौजेची गोष्ट घडली. सर्व मिळून आपल्या गोलरक्षकाचे वाभाडे काढीत होते. त्याचे हात, त्याची उंची, त्याची झोंप, ह्यांतलें कांहीं शिल्लक ठेवलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानेंही, सहज, शिष्टाचार म्हणून म्हणावें तसें म्हटलें, “हो, गोलकीपर जरा कच्चाच वाटला.” सगळे एकदम थांबले. नंतर चौघांनीं एकाच वेळीं त्या गोलरक्षकाची बाजू घेतली: पोरगा तापांतून उठून आला आहे, बचावफळीनें त्याला उघडा टाकला, मागच्या सामन्यांत त्यानेंच तारलें. दोन मिनिटांपूर्वीं ज्याला टाकाऊ ठरविला तो आतां पेठेचा आधारस्तंभ झाला. ढोंग म्हणून आम्ही हें सोडून देत नाहीं. निंदा हा हक्क आहे आणि तो हक्क सोसण्यानें मिळतो, असा तो कायदा होता. आमच्या विद्यार्थ्यानें अजून पुरेसें सोसलें नव्हतें.

येथें आमच्या स्वतःच्या धंद्याविषयीं बोलणें प्राप्त आहे. ह्या लेखांत आम्ही पहिल्यापासून ‘आम्ही’ म्हणत आलों आहों. समीक्षेची ती जुनी चाल आहे. पण हें ‘आम्ही’ म्हणजे कोण? टेबलाशीं बसलेला एकटा मनुष्य. त्याचें अनेकवचन आदरार्थी आहे, आणि तो आदर त्यानें स्वतःच स्वतःला दिलेला असतो. कोल्हापूरच्या गृहस्थांच्या ‘आमी’मध्यें मात्र खरोखरच माणसें होतीं, मेलेलींसुद्धां होतीं. मराठींत एखादी मोठ्या नांवाची कादंबरी फसली तर आम्ही लिहितों, ‘लेखकाची पकड सुटली आहे.’ लेखकाची! ‘आपण हरलों’ असें कोणी लिहिल्याचें वाचकांस आठवतें काय? २०२४ च्या फेब्रुवारींत ९७ वें साहित्य संमेलन आमच्या गांवीं भरलें, १९५२ नंतर दुसऱ्यांदा, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां पेढे वाटतांना जो तो ‘आपली मराठी’ म्हणत होता. जिंकल्यावर ‘आपण’ म्हणणें सोपें आहे. भाषेच्या शाळा ओस पडतात तेव्हां तीच माणसें ‘त्यांचें धोरण चुकलें’ म्हणतात, आणि त्यांत आमचाही आवाज असतो.

पाठिराख्यांचा गौरव करतां करतां त्यांच्या ‘आपण’ला मात्र आम्ही देव्हाऱ्यांत बसवूं इच्छित नाहीं. कोल्हापुरांत सामने दगडफेकीनें थांबले आहेत, प्रेक्षकांवांचून खेळविण्याचीही पाळी आली आहे. आम्हीं चहाच्या दुसऱ्या पेल्यावर तो विषय काढला. उत्तर तात्काळ आलें: “ती पोरं आपली न्हवं. भायरनं आल्याली.” आणि आम्हीं पाहिलें कीं जें ‘आपण’ पांच महिने मागें जाऊन एका सहीचें दुःख कवटाळीत होतें, तें पांच मिनिटांपूर्वींचा दगड मात्र ओळखीना. गोलरक्षक टाकाऊ असला तरी आपला. दगड मारणारा मुलगा, ज्याची आई त्याच बोळांत भाकरी थापीत असेल, तो बाहेरचा. त्या गृहस्थांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण हिशेब मांडावयाचा तर तो दगडही त्यांत धरावयास पाहिजे. आमच्या मनांतली मराठी कादंबरी ह्याच ठिकाणीं सुरू व्हावी असें वाटतें. एखाद्या वडिलांनीं त्या सायंकाळीं ‘तो आमचा आहे’ असें पोलिसांपुढें म्हणावें आणि सबंध पेठेनें त्यांच्याकडे पाहावें.

संघच नाहींसा झाला तर ह्या ‘आपण’चें काय होतें? ह्याचें उत्तर स्कॉटलंडांत आहे. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क हा संघ १८७२ चा. १९०४ सालीं तो लीगमध्यें पहिला आला, १८८९ आणि १९०५ ह्या दोन सालीं त्यानें स्कॉटिश चषक जिंकला. १९६१ सालीं तो लीगमध्यें तिसरा होता आणि १९६७ सालीं दिवाळें निघून तो बंद पडला. सहा वर्षांत! त्याच्या कॅथकिन पार्कच्या पायऱ्या अजून आहेत. पायऱ्यांमधून झाडें वाढलीं आहेत. उलट लॅनार्कशायरमधल्याच मदरवेलची मालकी २०१६ सालीं पाठिराख्यांच्याच संस्थेकडे आली, म्हणजे ‘आपला संघ’ हें बोलणें कागदोपत्रीं खरें झालें.

हें वाचतांना अमळनेरच्या मनुष्यास हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. भागभांडवलाचा विषय आम्हांस कोणी शिकवावयास नको. १९४५ सालीं येथें वनस्पति तुपाचा जो कारखाना निघाला त्याची पुढें विप्रो झाली, आणि गांवांतल्या कित्येक घरांत तिचे जुने भाग अजून आहेत. भाव वर गेला कीं ‘आपली कंपनी’. खालीं आला कीं ‘विकून टाकायला पाहिजे होते.’ येथें ‘आपण’ म्हणणें भावाबरोबर चढतें-उतरतें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. भाग विकतां येतो म्हणूनच तो भाग. प्रताप मिलचा भोंगा वाजत होता तोंवर जो मनुष्य त्या मिलमध्यें कधीं पाऊलही टाकीत नसे तोही ‘आपली मिल’ म्हणे. मिल बंद पडली. आज तिच्याविषयीं बोलणारे म्हातारे ‘आमची मिल’ म्हणतात. ऐकणाऱ्या नातवास आंत घेणें आतां शक्य नाहीं हें त्यांच्या जिभेस न शिकवितां कळलें आहे. त्या दृष्टीनें कोल्हापूरच्या त्या गाड्यावरचा पराभव आम्हांस ऐश्वर्याचा वाटला. हरावयास त्यांच्याजवळ कांहींतरी आहे.

परवां विद्यार्थ्याचा फोन आला. कामाचें बोलणें संपल्यावर त्यानें जातां जातां सांगितलें, “सर, काल पुन्हा हरलो आपण.”

“गोलरक्षक कोण होता?” आम्हीं विचारलें.

“तोच. पण त्याची चूक नव्हती, सर. बचावफळीनं त्याला उघडा टाकला.”